बाबांसाठी हॉलमध्ये स्पीकर घ्यायचेत: पॅसिव्ह आणि वेगळा अ‍ॅम्प, की सरळ अ‍ॅक्टिव्ह? (बजेट २५ हजार, ठाणे)

नौपाडाकर
नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रोज रात्री स्पीकरबद्दल वाचतेय आणि जेवढं वाचतेय तेवढा गोंधळ वाढतोय म्हणून शेवटी इथे विचारतेय. आम्ही नौपाड्यात राहतो, जुनी बिल्डिंग, हॉल १० बाय १४ चा. बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले, आता दिवसभर घरी असतात आणि सगळा वेळ गाण्यात जातो, सकाळी अभंग, दुपारी नाट्यगीतं, रात्री जेवणं झाली की यूट्यूबवर एखादं जुनं मैफिलीचं रेकॉर्डिंग. हे सगळं टीव्हीवर चालतं, आणि टीव्हीचे स्पीकर मागे भिंतीकडे तोंड करून आहेत, शब्द कळत नाहीत म्हणून बाबा आवाज वाढवतात आणि वाढवला की नुसता कर्कश होतो. परवा म्हणाले, तानपुरा ऐकूच येत नाही गं, गवई एकटाच गातोय असं वाटतं. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

बजेट २५ हजार, त्यात सगळं आलं पाहिजे, वायरी धरून. काही लोक लिहितात की पॅसिव्ह स्पीकर (म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, अ‍ॅम्प, आत नसलेले) आणि वेगळा अ‍ॅम्प हाच खरा रस्ता, काही लिहितात की एवढ्या पैशात अ‍ॅक्टिव्हच घ्यावेत. मला दोन्ही बाजू पटतात आणि तिथेच अडलंय. बाबांची खुर्ची टीव्हीपासून साधारण ९ फुटांवर आहे. टीव्हीला हेडफोनचं भोक नाही, मागे ऑप्टिकल आउट आहे (प्रकाशाच्या केबलने आवाज बाहेर देणारी जागा). दुकानात गेले तर तिथे सगळे साऊंडबारच दाखवतात.

पामबीच
ताई, नेरुळहून लिहितोय. तुमच्यासाठी अ‍ॅक्टिव्ह, फार विचार करू नका. अ‍ॅम्प आतच असतो, बनवणाऱ्यानेच तो त्या स्पीकरला साजेसा बसवलेला असतो, तुम्हाला जोड्या जुळवत बसायला नको.

फक्त एक गोष्ट नीट समजून घ्या कारण दुकानदार दोन वेगवेगळ्या वस्तूंना एकच नाव देतात. एक प्रकार म्हणजे घरगुती, ज्यात एका डब्यात अ‍ॅम्प असतो आणि दुसरा डबा वायरीने त्याला जोडलेला असतो, इंग्रजीत याला पॉवर्ड म्हणतात. उदाहरण द्यायचं तर एडिफायर आर१२८०डीबी, ४ इंची वूफर (जाड आवाज देणारा मोठा भाग), दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद), ऑप्टिकल आहे, ब्लूटूथ आहे, रिमोट आहे. एकच प्लग. दुसरा प्रकार म्हणजे स्टुडिओ मॉनिटर, जे खरे अ‍ॅक्टिव्ह, त्यात प्रत्येक डब्यात वूफरला वेगळा अ‍ॅम्प आणि ट्वीटरला (बारीक आवाज देणारा छोटा भाग) वेगळा, आणि आवाजाची जाड-बारीक वाटणी अ‍ॅम्पच्या आधीच झालेली असते. जेबीएल ३०५पी मार्क २ घ्या, ५ इंची वूफर, एका डब्यात ४१ अधिक ४१ वॅट. आवाज पैशाच्या मानाने फार वरचा. पण त्याला रिमोट नाही, ब्लूटूथ नाही, ऑप्टिकल नाही, आपली लाल-पांढरी आरसीए पिनसुद्धा सरळ लागत नाही, आवाजाची बटणं दोन्ही डब्यांच्या पाठीमागे वेगवेगळी, आणि दोन्हींना स्वतंत्र प्लग. माझ्याकडे मॉनिटर आहेत (दुसऱ्या कंपनीचे), टेबलावर लॅपटॉपसमोर ठेवलेत आणि मी जाम खूश आहे. वडिलांना मात्र ते देऊ नका.

सोल्डरगन
पामबीच यांच्याशी आदर राखून असहमत. मी ऐरोलीत राहतो, स्पीकर-अ‍ॅम्प उघडून दुरुस्त करणं हा २० वर्षांचा छंद आहे, तर माझ्याकडे काय येतं ते सांगतो. माझ्याकडे ३० वर्षांपूर्वीचे पॅसिव्ह डबे येतात, त्यांच्या कोनच्या (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याच्या) कडेचा फोम आपल्याकडच्या दमट हवेने कुजलेला असतो, नवीन रबराची कड चिकटवली की डबा पुढची १५ वर्षं वाजतो. आणि माझ्याकडे चार वर्षांचे अ‍ॅक्टिव्ह येतात ज्यांचा पॉवर सप्लायचा बोर्ड गेलेला असतो. पावसाळ्यात लाइट जाते, येते, परत जाते, त्यात हे बोर्ड जातात. नवीन बोर्ड मिळत नाही, सर्किट कुठे छापलेलं नसतं, वॉरंटी संपलेली. वूफर, ट्वीटर, लाकूड सगळं धडधाकट असतं आणि तरी तो डबा मेलेला. माझी स्वतःची एक जोडी अशीच गेली, कंपनीला पाच मेल केले, शेवटी त्यांनी नव्या जोडीवर १० टक्के सूट देतो म्हणून कळवलं. पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प गेला तर अ‍ॅम्प बदला, स्पीकर आहेत तिथेच राहतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आजही कोन, कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी), रबर कड सगळं मिळतं.

वॅटला घाबरू नका. ५ इंची पॅसिव्हची सेन्सिटिव्हिटी साधारण ८६ ते ८८ डेसिबल असते, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर तेवढा आवाज. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतो, खोलीत त्याहून कमी पडतो कारण भिंती आवाज परत पाठवतात. ९ फुटांवर बसून आरामात गाणं ऐकायला सरासरी १ वॅटच्या आत काम होतं. तबल्याची थाप किंवा वरची तान अचानक आली की तेवढ्यापुरते १० ते २० लागतात. घरच्या हॉलला २५-३० खरे वॅट म्हणजे भरपूर.

हे मात्र खरे वॅट पाहिजेत. छोट्या क्लास डी अ‍ॅम्पच्या खोक्यावर ५० अधिक ५०, १०० अधिक १०० काहीही छापतात. अ‍ॅडॉप्टर किती व्होल्टचा दिलाय ते बघा. हे अ‍ॅम्प जास्तीत जास्त किती देऊ शकतात त्याचा हिशोब सोपा आहे, व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि ८ ओहमचा स्पीकर म्हणजे १४४ भागिले १६, ९ वॅट, संपलं. त्याच अ‍ॅम्पला २४ व्होल्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर लावला तर ३६. निम्म्या लोकांची तक्रार असते की छोट्या अ‍ॅम्पवर आवाज फाटतो, तो अ‍ॅम्प नसतो हो, सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर असतो.

पामबीच
सोल्डरगन दादा, दुरुस्तीचं पटलं, मनापासून. पण तुम्ही दुरुस्त करू शकता म्हणून. त्यांच्याकडे अ‍ॅम्प बिघडला तर त्या कुणाकडे जाणार? आणि रोज कोण लावणार हेही बघा ना, टीव्हीचा रिमोट, सेट टॉप बॉक्सचा रिमोट, त्यात अ‍ॅम्पचा तिसरा.

वाशीकर
साऊंडबार का नको? एक वायर, काम झालं.

खर्जातला सा
साऊंडबार सिनेमा-बातम्यांना ठीक आहे, गाण्याला नाही, एवढंच म्हणते. डावा-उजवा स्पीकर हातभर अंतरात असला की मंचावर कोण कुठे बसलंय हे कळतच नाही.

मूळ विषयावर येते. मी गाणं शिकते, शिकवतेही, आणि तुमच्या बाबांचं तानपुऱ्याबद्दलचं वाक्य वाचून थांबलेच. ते म्हणताहेत ते अगदी बरोबर आहे. पुरुष गायकाचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. टीव्हीचे चपटे स्पीकर तिथे पोचतच नाहीत. बाजारात साडेतीन इंची मॉनिटर मिळतात त्यांची कंपनीच खालची मर्यादा ८० हर्ट्झ लिहिते, म्हणजे खर्जाचा मूळ स्वर त्यांच्याही आवाक्याबाहेर. तरी तानपुरा ओळखू येतो कारण जवारी (तारेची ती झणझणती गुंज) वरच्या स्वरांमध्ये असते आणि उरलेलं आपला कान भरून घेतो, पण ती जमीन लागत नाही ज्यावर गवई उभा असतो. डग्ग्याचंही तेच, घुमारा जाऊन नुसता टप टप असा आवाज उरतो. म्हणून अ‍ॅक्टिव्ह घ्या नाहीतर पॅसिव्ह घ्या, वूफर ५ इंचाच्या खाली घेऊ नका. हे माझं एकच मागणं.

आणि पैसे खर्च करायच्या आधी आज रात्री एक करून बघा. टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा जो मोड असतो तो बंद करा. त्या मोडमध्ये बोलण्याच्या पट्टीतला आवाज पुढे आणतात आणि बाकी सगळं मागे दाबतात. बातम्यांना बरं आहे. गाण्यात तानपुरा आणि डग्गा त्या बाकी सगळ्यातच येतात.

नौपाडाकर
तो मोड चालू होता!! बंद केला. बाबा म्हणाले, थोडा आला, लांबून आला. म्हणजे दिशा बरोबर आहे.

सोल्डरगन दादा, तुमचं वाचून माळ्यावर चढले. बाबांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन डबे आहेत, डेक केव्हाच गेला. मागे ६ ओहम लिहिलंय. पुढची जाळी काढली आणि कडेच्या फोमला बोट लावलं तर नुसता भुगा झाला हाताला चिकटणारा. कोन मात्र फाटलेला नाही. हे वाजतील का?

सोल्डरगन
वाजवू नका तसेच, कॉइल घासेल. नवीन कड लावून होतील, फार खर्च नाही, पण गाण्यासाठी मुख्य जोडी म्हणून मी ते सुचवणार नाही, त्या काळच्या म्युझिक सिस्टिमचे डबे हलक्या लाकडाचे असत आणि डबाच वाजतो. ठेवा मात्र, टाकू नका.

मी म्हणतो एकदा ऐकायला या. माझ्याकडे व्हार्फडेल डायमंड १२.१ आहेत, ५ इंची, ८८ डेसिबल, छोट्या अ‍ॅम्पवर लावलेत. बाबांना घेऊन या, ते ज्या रेकॉर्डिंगवर रोज जातात तेच पेन ड्राइव्हवर आणा. दुकानात दुकानदाराचं गाणं ऐकून काही कळत नाही.

पामबीच
उत्तम कल्पना. मी माझे मॉनिटर गाडीत टाकून ऐरोलीला आणतो, पाम बीचवरून अर्धा तास. दोन्ही एकाच खोलीत एकाच गाण्यावर ऐकू दे त्यांना.

खर्जातला सा
दोन्हींचा आवाज कानाने सारखा लावून मग तुलना करा हं. जो जरासा मोठा असतो तोच चांगला वाटतो, हे सगळ्यांचं होतं.

नौपाडाकर
(सव्वा महिन्यानंतर)
उशीर झाला त्याबद्दल माफ करा, मध्ये घरी पाहुणे होते. सगळं सांगते.

त्या रविवारी आम्ही ठाण्याहून ऐरोलीला गेलो, दादांनी आणि त्यांच्या घरच्यांनी इतकं केलं की पोहे-चहातच तास गेला. मग पहिल्यांदा पामबीच यांचे मॉनिटर लावले. मला ते प्रचंड आवडले, प्रत्येक गोष्ट सुटी सुटी ऐकू येत होती, गायकाने श्वास घेतलेला कळत होता. जवळ गेल्यावर ट्वीटरमधून बारीक सूं असा आवाज येतो पण खुर्चीवर बसलं की ऐकू येत नव्हता. बाबा मान हलवत होते. नंतर पॅसिव्ह लावले. मला फरक थोडाच वाटला, हे किंचित गोड, ते किंचित लख्ख. बाबांनी तेच रेकॉर्डिंग परत पहिल्यापासून लावायला सांगितलं, डोळे मिटले, आणि तानपुरा सुरू झाला तशी त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर तारा छेडल्यासारखी एकामागून एक हलायला लागली, त्यांचं त्यांना माहीतही नव्हतं. पण हे त्यांनी दोन्ही वेळेला केलं! म्हणजे आवाजात दोन्ही पास.

मग निर्णय कशावर झाला ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. दादांचा अ‍ॅम्प सोफ्याच्या बाजूच्या टेबलावर होता, स्पीकर समोर लांब. बाबा ऐकता ऐकता हात लांब करून त्याचं गोल बटण फिरवत होते. विलंबितात थोडं वर, तान आली की थोडं खाली, पुन्हा वर. अर्धा तास त्यांचा हात त्या बटणावरच होता. परत येताना गाडीत म्हणाले, आपल्या जुन्या रेडिओला असं बटण होतं. बाबांचं मागच्या वर्षी एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रिमोटवरची बारकी अक्षरं त्यांना दिसत नाहीत, आवाज कमी करायला जातात आणि टीव्हीच बंद होतो, मग मला हाक मारतात. मी ऑफिसात असले तर कुणालाच हाक मारत नाहीत, बंद टीव्हीसमोर बसून राहतात. हे मला त्या दिवशी कळलं, इतके दिवस त्यांनी सांगितलंच नव्हतं.

अ‍ॅक्टिव्हमध्ये ते बटण स्पीकरवरच असतं, पुढे असो की मागे. आणि स्पीकर जिथे चांगला वाजतो तिथे माणूस बसत नाही. पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प माणसाच्या हाताशी ठेवता येतो आणि स्पीकर त्यांच्या जागी. वायर तेवढी लांब लागते.

तर ५ इंची पॅसिव्ह जोडी घेतली, छोटा अ‍ॅम्प घेतला ज्याला ऑप्टिकल आहे आणि पुढे एकच मोठं बटण, २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, १.५ चौरस मिलिमीटरची बहुतारी वायर भिंतीच्या कडेने फिरवून आणली, टीव्हीपासून खुर्चीपर्यंत ५ मीटरची ऑप्टिकल केबल. सगळं मिळून बजेटच्या ७०० रुपये वर गेलं. टीव्हीचे आतले स्पीकर मेनूतून बंद केले. पहिल्या दिवशी आवाजच येत नव्हता, पामबीच यांना फोन केला तर त्यांनी सांगितलं की टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमवर (साध्या स्टिरिओवर) ठेवा, नाहीतर टीव्ही डॉल्बी पाठवत राहतो आणि साध्या अ‍ॅम्पला ते समजत नाही. ठेवलं आणि लगेच आला.

आता एक अडचण. डावीकडच्या स्पीकरजवळ बसलं की गाणं छान, पण मधोमध बाबांच्या खुर्चीवर डग्गा पोकळ वाटतो, ऐरोलीला होता तसा नाही. स्पीकर शोकेसच्या वरच्या खणात आहेत, दोन बाजूंना. हे शोकेसमुळे का?

सोल्डरगन
शोकेसने घुमेल, पोकळ नाही होणार. एका बाजूला ठीक आणि मध्ये गेलं की खालचा आवाज गायब म्हणजे बहुतेक एका स्पीकरची वायर उलटी लागलीय. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि जाड आवाज एकमेकांना खातात. १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. अ‍ॅम्प बंद करा, अ‍ॅम्पकडची वायर सोडवा, लाल समजून लावलेलं टोक सेलच्या प्लसला आणि दुसरं मायनसला क्षणभर टेकवा. कोन पुढे आला पाहिजे. दोन्ही स्पीकरला करून बघा.

खर्जातला सा
आणि ते झालं की शोकेसमधूनही काढा ना. वरच्या खणात म्हणजे ट्वीटर बाबांच्या डोक्यावरून जातोय. खुर्चीवर बसल्यावर कान जिथे येतो तेवढ्या उंचीवर ट्वीटर पाहिजे, जमिनीपासून साधारण तीन फूट. दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट, मागच्या भिंतीपासून हातभर पुढे, तोंडं किंचित खुर्चीकडे. स्पीकरच्या डब्याला मागे भोक असेल आणि भिंतीमुळे घुमत असेल तर त्यात एक पायमोजा सैलसर कोंबून बघा. तुमच्याकडे नुसत्या टाइल्स असतील तर समोर एक सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा. खोली नीट लावली तर जो फरक पडतो तो महागडे स्पीकर घेऊनही पडत नाही.

नौपाडाकर
उजवा उलटा होता! सेल टेकवला तर कोन आत गेला. वायरीच्या दोन्ही तारा काळ्याच आहेत, एकीवर बारीक पांढरी रेघ आहे ती मी रात्रीच्या उजेडात बघितलीच नव्हती. आता रेघेवर लाल चिकटपट्टी लावलीय. सतरंजी आजच टाकली, स्टूल उद्या सुताराकडे सांगते तीन फुटांचे. सध्या दोन डायनिंगच्या खुर्च्यांवर पुस्तकं रचून त्यावर स्पीकर ठेवलेत आणि आम्ही जमिनीवर बसून जेवतोय, आईसुद्धा काही म्हणाली नाही.